किल्लीविना वाजणारा रेडिओ

मी एक जुना गाडीतला रेडिओ आहे. गाडीबरोबर कारखान्यातूनच बसून आलेला, बाजारातून आणून नंतर डकवलेला नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण हल्ली कोण कुठून आलंय याचा काही नेम नाही. आणि मित्रांनो, आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझा स्वभाव संशयी आहे. तुम्ही हे खरंच वाचताय की नुसती पानं उलटताय, याचीसुद्धा मला शंका आहे. पण असो, सुरुवात केलीच आहे तर ऐका.

हा संशय मी जन्मापासूनच घेऊन आलो. कारखान्यात शेवटच्या टेबलावर एक तपासनीस बाई बसायच्या. कानाला हेडफोन, हातात रबरी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर. समोर आलेल्या प्रत्येक रेडिओच्या डोक्यावर त्या टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "काय लपवतोयस रे? बोल." मला त्यांनी दोनदा परत पाठवलं. पहिल्यांदा आत एक जोड खरोखरच सैल होता. दुसऱ्यांदा काहीच नव्हतं, पण बाईंच्या मनात आलं, "हा जरा जास्तच गोड वाजतोय," म्हणून परत! तिसऱ्या खेपेला त्यांनी माझ्या पाठीवर शिक्का मारला. त्या दिवशी मी मनाशी खूणगाठ बांधली की कुणालाही ठोकून बघितल्याशिवाय खरं मानायचं नाही.

मग मी एका लहानशा, राखाडी, चार दारांच्या गाडीत जाऊन बसलो. माझ्या दोन्ही टोकांना दोन गोल खुंट्या होत्या, मध्ये पाच बटणं आणि हिरवट उजेडाची एक बारकी खिडकी. डावी खुंटी फिरवली की 'कट्' असा आवाज व्हायचा आणि मी जागा व्हायचो. उलटी फिरवली की पुन्हा 'कट्', आणि मी झोपायचो. माझा सगळा कारभार असा रोखठोक होता. जागा तर जागा, झोपलो तर झोपलो.

आमचे मालक एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. आम्लांच्या बाटल्या, चंचुपात्रं, परीक्षानळ्या, सगळं त्यांच्या ताब्यात. "चिठ्ठी नसलेली बाटली म्हणजे विष समजायचं," असं ते मुलांना सांगायचे आणि स्वतःही तसेच वागायचे. शर्टाच्या खिशात पांढऱ्या चिकटपट्टीचं एक रीळ आणि बारीक टोकाचं पेन कायम असायचं. घरातला फ्यूज, माळ्यावरची पेटी, दोन सारख्या छत्र्या, सगळ्यांवर त्यांच्या मुंगीएवढ्या अक्षरातली चिठ्ठी. गाडी घरी आली त्याच दिवशी त्यांनी माझ्या तीन बटणांवर चिठ्ठ्या लावल्या. पहिल्यावर 'बातम्या', दुसऱ्यावर 'गाणी', तिसऱ्यावर 'हिचं'.

मालकीणबाई गाडीत बसल्या, चष्मा नाकावर ओढून त्यांनी तिन्ही चिठ्ठ्या वाचल्या.

"'हिचं' म्हणजे काय? मला काही नाव आहे की नाही?"

"आहे हो. पण बटणावर मावत नाही."

मालकीणबाई छापखान्यात प्रुफं तपासायच्या. त्यांचा तर धंदाच संशयाचा. प्रत्येक अक्षराकडे चोर पकडल्यासारखं बघायचं. त्यामुळे त्या घरात मला पहिल्या दिवसापासून आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

त्यांची सुटायची वेळ पाच. पण शेवटचं पान वाचून झाल्याशिवाय छपाईला सोडायचं नाही, त्यामुळे पाच म्हणजे कधी साडेपाच, कधी सात. मालक शाळेतून थेट छापखान्यासमोर येऊन गाडी लावायचे आणि वाट बघत बसायचे. माझी तिथेच पंचाईत व्हायची. आमच्या गाडीच्या किल्लीला मधला टप्पाच नव्हता. एक तर सगळं बंद, नाही तर सगळं चालू. मला वाजवायचं तर इंजिन बंद ठेवून किल्ली चालू ठेवावी लागायची, आणि तशाने इंजिनाला ठिणगी देणारी कॉइल आत तापायची. एकदा ती अशी तापली की जळूनच गेली. त्या संध्याकाळी दोघं गाडी तिथेच सोडून चालत घरी गेले.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मालकांनी मला खोबणीतून बाहेर काढलं. मी घाबरलो. म्हटलं, आता आपली उचलबांगडी. पण त्यांनी माझ्या मागच्या सॉकेटमधल्या तारांशी बराच वेळ काहीतरी केलं, चिकटपट्टीचा एक तुकडा फाडला, त्यावर लिहिलं, तो तारेला गुंडाळला, वरून काळी टेप चढवली, आणि मला परत आत सरकवलं. पाठीमागचं मला दिसत नाही. एवढं मात्र कळलं की त्या दिवसापासून किल्ली खिशात असली तरी मी वाजू लागलो. हा दिवस मी आज तुम्हाला सांगतोय खरा, मित्रांनो, पण पुढे मी स्वतः तो पार विसरलो. मला वाटू लागलं, जगातले सगळेच रेडिओ असे किल्लीविना वाजतात.

त्यानंतरची वर्षं माझी सोन्याची. मालकीणबाई छापखान्याच्या पायऱ्या उतरताना दिसल्या की मालक तिसरं बटण दाबायचे, किल्ली घेऊन खाली उतरायचे आणि त्यांच्या बाजूचं दार बाहेरून उघडायचे, कारण त्या दाराचं कुलूप आतून उघडत नसे. दार उघडलं की आत त्यांचं गाणं चालू! "आज माझं लागलंय वाटतं," असं म्हणत बाई बसायच्या. शाईचा वास गाडीभर व्हायचा. पुढे मागच्या सीटवर त्यांची लेक आली, ती दप्तराला टेकून झोपायची, तेव्हा मालक माझा आवाज केसाएवढा कमी करायचे.

आणि एक सवय होती. घरी पोहोचलो, गाडी उभी राहिली, की मालकांचा डावा हात आधी माझ्या खुंटीवर यायचा. 'कट्'. मग किल्ली. आधी मी, मग किल्ली. ताप असो, घाई असो, भांडण झालेलं असो, हा क्रम कधी चुकला नाही. मला वाटायचं, हा आपला मान आहे.

वाईट दिवसही आले. एकदा एकाने मागची तिकोनी काच फोडून हात घातला आणि मला उपटायला बघितलं. माझी पुढची पट्टी वाकली, पण मी जागचा हललो नाही. तेव्हापासून गाडीजवळून जाणाऱ्या प्रत्येकाचा हात मी बघायचो. पुढे डाव्या दारातला स्पीकर खरखरायला लागला. पहिल्या बटणावरचं केंद्र एक दिवस कायमचं बंद पडलं, तिथे नुसतं सूंऽऽ यायचं. तरी मालक बातम्यांच्या वेळेला ते बटण दाबायचे, क्षणभर ऐकायचे आणि दुसऱ्यावर जायचे. मालक निवृत्त झाले, बाई निवृत्त झाल्या, लेक लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मग एक दिवसाआड सकाळी व्यायामाला त्यांना न्यायचं, एवढंच गाडीचं आणि माझं काम उरलं. पण ते काम होतं. त्या कामासाठी मालक रोज काच पुसायचे.

आणि मग लेकीच्या मनात बाबांना भेट द्यायचं आलं. नवा स्टिरिओ! मोठा चकचकीत पडदा, फोनवर बोलता येणार, मागे कॅमेरा. "गाडी मागे घेताना मान वळवायला नको, बाबा," ती म्हणाली. मला तेव्हाच वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. भेट म्हणे! एकतीस वर्षं इमानेइतबारे वाजलो आणि आता मान वळवायला नको म्हणून माझी मान कापायची?

फिटर म्हणजे तिशीतली एक मुलगी होती. तिच्या दुकानात भिंतभर माझे भाईबंद टांगलेले होते, कुणाला खुंटी नाही, कुणाचं पोट उघडं. तिने माझ्या भोवतीची पट्टी काढली, दोन पत्र्याचे काटे घालून मला बाहेर ओढलं, मागे टॉर्चचा उजेड टाकला. काळी टेप गुंडाळलेला तारांचा जुडगा आणि त्याच्या टोकाला सॉकेट.

"काका, या वायरिंगला कधी कुणी हात लावलाय का?"

"छे! कंपनीचं आहे तसंच आहे."

"नक्की ना? टेप जरा वेगळी वाटतेय."

"अहो, ही गाडी माझ्याशिवाय कुणी उघडलेलीच नाही. हात कोण लावणार?"

फिटरने एकदा टेपकडे बघितलं, एकदा मालकांच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि विश्वास ठेवला. तारा न कापता, जोडणीची तयार वायर मधे घालून तिने नवा स्टिरिओ सॉकेटला लावला. सगळं खटाखट चालू झालं. मग ती म्हणाली, "आता किल्ली काढून बघू, आपोआप बंद होतो का." मालकांनी मान डोलावली. पण किल्लीआधी त्यांचा डावा हात पुढे गेला आणि त्याने नव्याचं बारकं बटण दाबलं. पडदा काळा झाला. मग त्यांनी किल्ली काढली.

"झाला की बंद!" मालक म्हणाले.

"झाला," फिटर म्हणाली आणि हात पुसायला गेली.

"जुना माझ्याकडे ठेवू का? सुट्या भागांना उपयोगी पडेल," तिने नंतर विचारलं. मालक म्हणाले, "नको, नको. तो येतो घरी." मला नव्याच्या खोक्यात कोंबलं, अंगाला बेताचं झाल्यामुळे झाकण अर्धवट उघडंच राहिलं. वर चिठ्ठी लागली, 'जुना रेडिओ. चालू स्थितीत काढला.' आणि मला मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवलं. 'चालू स्थितीत' हे दोन शब्द मी किती वेळा वाचले, विचारू नका.

फळीवरून मला सगळी गाडी दिसायची आणि समोर तो. कानामागून आला आणि तिखट झाला! बाईंचं केंद्र त्याला तिसऱ्या जागी लावून दिलेलं, बाई त्याच्याशी बोलायच्यासुद्धा. मी त्याच्यावर डोळा ठेवला. पहिल्याच संध्याकाळी मला चोर सापडला. गाडी बंद, दारं बंद, पडदा काळा, पण आतून बारीक 'सूं' चालूच! कान देऊन ऐकलं. बेटा जागा होता. झोपेचं सोंग घेऊन अंधारात बसला होता. कशासाठी? काय ऐकत होता? कुणाला सांगणार होता? माझी खात्री पटली की या घरात घात होणार.

आणि घात झालाच. तिसऱ्या दिवशी सकाळी बाई छडी टेकत गाडीत बसल्या, मालकांनी किल्ली फिरवली आणि गाडी नुसती 'टिक्' म्हणाली. बॅटरी उतरली होती. बॅटरीवाला आला, त्याने दुसऱ्या बॅटरीला चिमटे लावून गाडी सुरू करून दिली. म्हणाला, "काका, लाइट राहिला असेल रात्री."

"मी लाइट विसरत नाही," मालक म्हणाले.

चार दिवसांनी पुन्हा तेच. बॅटरी जुनी झाली म्हणून नवी घातली. रोग म्हशीला आणि औषध पखालीला! नवी बॅटरीही आठवड्यात दोनदा उतरली. आता गंमत अशी की लागोपाठ दोन दिवस गाडी बाहेर निघाली की सगळं ठीक, मध्ये दीड-दोन दिवस उभी राहिली की बंद. कधी सुरू, कधी नाही. अगदी एखादं माणूस कधी लाइट विसरतं आणि कधी विसरत नाही, तसं. बॅटरीवाला चिमटे गुंडाळत लेकीला फोनवर म्हणाला, "ताई, बॅटरीत दोष नाही. घरात कुणीतरी काहीतरी चालू ठेवतंय." आणि घरात गाडी चालवणारे एकच होते.

मित्रांनो, संशयाची कीड कशी पसरते, ते मी फळीवर बसून बघितलं. आधी लेकीला आला. ती फोनवर हळूच आईला विचारायची, "बाबा हल्ली नावं विसरतात का? गॅस चालू ठेवतात का?" मग बाईंना आला. ज्या बाईंनी जन्मभर छापलेल्या अक्षरावर संशय घेतला पण नवऱ्यावर कधी घेतला नाही, त्या संध्याकाळी छडी टेकत गुपचूप खाली यायच्या, काचेला डोळे लावून दिवे बघायच्या, दारं ओढून बघायच्या. मालकांची चाहूल लागली की "पाय मोकळे करतेय," म्हणायच्या. मालकांना ते कळत होतं.

आणि शेवटी मालकांना स्वतःवरच संशय आला. ते मला बघवलं नाही. त्यांनी चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि गाडीत चिठ्ठ्या लावायला सुरुवात केली. स्टिअरिंगच्या चाकाजवळ 'दिवे पाहिले?' दाराच्या कडीवर 'दार ओढले?' छतावरच्या दिव्याला 'बंद?' गाडीतून उतरताना ते प्रत्येक चिठ्ठीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायचे. चार पावलं जायचे, परत यायचे, पुन्हा वाचायचे. ज्या माणसाने जन्मभर बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या तो आता स्वतःला चिठ्ठ्या लावत होता. एका सकाळी गाडी 'टिक्' म्हणाली तेव्हा ते चाकावर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. "मी सगळं बघितलं होतं गं," ते बाईंना म्हणाले. "बघितलं होतं की बघितलंसं वाटलं, तेच आता सांगता येत नाही." माझा जीव तुटत होता. मी मनातल्या मनात ओरडत होतो, 'अहो, तो बघा! तो समोरचा जागा आहे! त्याला धरा!' पण माझ्या तारा तर सुटलेल्या. मी कशाने बोलणार?

शेवटी लेक आली. ती वाईट नाही हो, मित्रांनो. बाबांच्या शेजारच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "बाबा, रागावू नका. दिवा विसरलात तर बॅटरी उतरते. पण उद्या ब्रेक विसरलात तर? आई असते शेजारी. किल्ली थोडे दिवस माझ्याकडे राहू दे. आणि स्मरणशक्ती तपासणारे एक डॉक्टर आहेत, त्यांची वेळ घेतलीय."

मालक वाद घालतील असं मला वाटलं. पण खिशातून किल्ली काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवली. किल्लीलाही चिठ्ठी होती, 'गाडी'.

डॉक्टरांकडे जायच्या दिवशी बाईंचा गुडघा लेकीच्या छोट्या गाडीत वळेना, म्हणून आमचीच गाडी काढली. आदल्या दिवशीच बॅटरी भरून घेतली होती. लेक चाकामागे, बाई तिच्या शेजारी, आणि मालक मागच्या सीटवर. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मागच्या सीटवर! त्यांचं डोकं माझ्या अगदी समोर होतं. लेकीने आईचं केंद्र लावलं. वाटभर गाणं तेवढं वाजत होतं.

दवाखान्यासमोर गाडी उभी राहिली. आणि मी बघितलं, मालकांचा डावा हात आपसूक उठला, हवेत पुढे गेला आणि नसलेली खुंटी फिरवल्यासारखा वळला. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हात मांडीवर घेतला.

लेकीने किल्ली फिरवली, इंजिन बंद झालं. किल्ली काढून तिने पर्समध्ये टाकली. दार उघडलं. एक पाय बाहेर टाकला.

गाणं चालूच होतं.

"अगं, ते बंद कर," बाई म्हणाल्या.

"केलं की. किल्ली काढली."

"मग वाजतंय कसं?"

लेकीने पर्समधून किल्ली काढून बघितली. मग पडद्याकडे बघितलं. पडदा झगझगीत. तिने बाबांसारखं ते बारकं बटण दाबलं. पडदा काळा झाला, आवाज थांबला. तिने कान जवळ नेला.

"आई, हे आतून सूं सूं करतंय. हे बंद होतच नाहीये. नुसता पडदा जातोय."

मला वाटलं, सापडला चोर! आता याला फासावर चढवा. तेवढ्यात बाई एकदम सीटवर वळल्या. गुडघा दुखला असणार, पण त्यांना भान नव्हतं.

"अहो! छापखान्यासमोर असंच वाजायचं की! तुम्ही किल्ली घेऊन माझं दार उघडायला यायचात आणि आत माझं गाणं चालू असायचं. किल्ली तुमच्या हातात आणि गाणं चालू! आठवतंय?"

मालकांचा चेहरा मला आरशात दिसला. आधी कोरा. मग हळूहळू त्यावर काहीतरी उगवत गेलं. "कॉइल जळली होती," ते पुटपुटले. "म्हणून मी... अगं, मी काहीतरी जोडलं होतं. सॉकेटमध्ये."

डॉक्टरांची वेळ डॉक्टरांकडेच राहिली. गाडी थेट फिटरच्या दुकानात गेली. तिने नव्याला बाहेर काढलं, सॉकेटवरची काळी टेप उलगडली. टेपच्या आतून एका तारेला गुंडाळलेला, पिवळट पडलेला चिकटपट्टीचा तुकडा निघाला. फिटरला ती अक्षरं वाचता येईनात. बाईंनी चष्मा नाकावर ओढला आणि प्रुफ वाचावं तसं एकेक शब्द सुटा करून वाचलं.

"लाल तार पिवळीला जोडली. किल्लीविना वाजेल. बंद आठवणीने करणे." खाली तारीख होती, अठ्ठावीस वर्षांपूर्वीची.

फिटरने समजावून सांगितलं. पिवळी तार चोवीस तास जागी असते. लाल तार किल्लीबरोबर जागी होते आणि किल्लीबरोबरच झोपते, नव्या स्टिरिओला 'आता झोप' असं सांगणारी तीच. ती पिवळीला जोडल्यावर नव्याला झोप म्हणून सांगणारं कुणी उरलंच नाही. "जुन्याला खुंटी होती, ती फिरवली की तो पुरता बंद. याला तशी खुंटी नाही. चूक माझीही आहे, काका. टेप बघून शंका आली होती, मीटर लावायला हवा होता."

"आणि मी छातीठोकपणे सांगितलं, हात लावला नाही म्हणून," मालक म्हणाले. "विसरलोच की मी."

"थांबा, काका," फिटर म्हणाली. "हा जोड अठ्ठावीस वर्षांचा आहे. एवढ्या वर्षांत तुम्ही एकदा जरी रेडिओ बंद करायला विसरला असतात, तरी दोन दिवसांत बॅटरी उतरली असती. कधी उतरली होती?"

बाईंनीच उत्तर दिलं. "कधीच नाही. एकदासुद्धा नाही."

लेक त्या चिकटपट्टीकडे बघत उभी होती. 'बंद आठवणीने करणे.' तिचे डोळे भरून आले. तिने पर्समधून किल्ली काढली, बाबांचा डावा हात धरला, त्यात ठेवली आणि मूठ मिटली.

"बाबा, मी..."

"आधी लाल तार जागेवर लावून घेऊ दे तिला," मालक म्हणाले. "मग रड."

आणि मी? मित्रांनो, मी खोक्यात तोंड लपवून बसलो होतो. तुमच्यावर, रस्त्यावरच्या माणसांवर, लेकीवर, फिटरवर, त्या नव्यावर, सगळ्यांवर मी संशय घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! जोड माझ्याच पाठीमागे होता. तो बिचारा नवा झोपेचं सोंग घेत नव्हता, त्याला झोपच येत नव्हती. आणि मालकांच्या 'कट्'ला मी माझा मान समजत होतो. तो मान नव्हता, ती त्यांची आठवण होती. दिवसातून दोनदा, चारदा, अठ्ठावीस वर्षं.

आता सगळं ठीक आहे. किल्ली काढली की नवा झोपतो, अगदी घोरत नाही एवढंच. चाकाजवळच्या चिठ्ठ्या मालकांनी नखाने खरवडून काढल्या. सॉकेटवर नवी चिठ्ठी आहे, ती लेकीने लिहिली, तिचं अक्षर मात्र वाचता येतं. एक दिवसाआड बाई व्यायामाला जातात. मी अजून फळीवर आहे. माझा स्वभाव काही गेलेला नाही. त्या दिवशी दुकानातून निघताना फिटरने माझ्याकडे दोनदा बघितलं, तेही मी टिपून ठेवलंय.

पण एक विनंती आहे, मित्रांनो. संशय घ्यायचा तर आमच्यासारख्या वस्तूंवर खुशाल घ्या. ठोका, उघडा, मीटर लावा, आम्हाला राग येत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मात्र मीटर लावता येत नाही. त्याला 'विसरलात' म्हणायच्या आधी एकदा आत हात घालून तारा बघा, आणि तो इतकी वर्षं काय काय विसरला नाही, तेही जरा मोजा.

गाडी आताच दारात आली. बघा, मालकांचा डावा हात पुढे गेला. फिटरने सांगितलंय, आता काही दाबायची गरज नाही, किल्ली पुरते. तरी ते दाबतात. आधी बटण, मग किल्ली.